थंड सांधा

सकाळी साडेसातला सगळं ठीक.
दोन्ही पडदे उजळलेले, रेडिओत जळगावचा मनोरा
कोणाशी तरी सावकाश बोलतोय.
लीलाधरअप्पा ओशाळले. "तुले पाहिलं का शहाणं होतं ते.
डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरतो, तसं."

मी पंपाच्या मोटारी भरणारी. विमानं माझ्या खात्यातली नाहीत.
पण भुसावळ-यावल रस्त्यावर मे महिन्यात
मल्टिमीटर घेऊन पत्र्याखाली बसायला
दुसरं कोण तयार होतं?

दोन माणसांपुरतं विमान. सात वर्षं लागली.
बंद जिनिंगच्या गोदामात पंख चिकटवले,
डिझेल शेडच्या पेन्शनवर.
परवानगीचा कागद दिल्लीत हिंडतोय अजून,
आणि हे आधीच उन्हानं आजारी:
रोज दुपारी डोळे मिटतं.
पडदे तीनदा बंगळूरला जाऊन आले,
तीनदा एकच चिठ्ठी, दोष आढळला नाही.
बंगळूरला कसा आढळेल?

मग मुद्दाम बाहेर ढकललं.
काचेचं टोपण लावलं, नाक पश्चिमेला,
आणि बाभळीखाली वाट बघत बसलो
फाट्यावर एसटीची बघतात तशी.
पॅनेलमागे सुरवाड्यांच्या केळी पिकवायच्या खोलीतला थर्मामीटर,
तबकडीचा, काटेवाला.
दहाला अठ्ठेचाळीस.
अकरानंतर अप्पा बोलायचे थांबले.
बाराला त्रेसष्ट.
बारा चाळीसला एकाहत्तर, उजवा पडदा गेला,
मनोऱ्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं,
मग डावा.

फ्यूज शाबूत. पंखा फिरतोय.
प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरला,
एकेका डब्याच्या पाठीवर ठेवत गेले.
पडद्यांना फरक नाही. रेडिओला नाही.
पिशवी घसरून खाली तारांच्या जुडग्यावर पडली
आणि सगळं एकदम जागं झालं.

(मी अप्पांना सांगितलं, तिथंच ठेवणार होते.)

तरी खात्री नको?
रात्री गार झाल्यावर त्यांच्या सुनेचा केस वाळवायचा पंखा आणला,
फक्त त्या एका जागी गरम हवा.
चौथ्या मिनिटाला अंधार.

सगळ्या यंत्रांची अर्थिंगची तार एकाच टोकाला बांधलेली.
भिंगातून पाहिलं. सोल्डर चकाकत नव्हतं,
चुलीतल्या राखेसारखं, आणि भोवती केसाएवढी गोल फट.
तापलं की तार प्रसरते, फट उघडते.
थंड झालं की पुन्हा हातात हात.
कथील तारेवर बसलं होतं, पण तारेनं धरलं नव्हतं.
आमच्या धंद्यात याला थंड सांधा म्हणतात.

अप्पा बराच वेळ भिंग धरून.
"पौषातली रात्र होती. सात अंश. दारातून वारा.
गन टेकवली आन् लाइट गेली.
बोटानं दाबून धरलं वो, अंधारात. बसलं असं वाटलं."

सेहेचाळीस अंशांच्या गावात
थंडी इतके महिने लपून बसली होती, त्यांच्याच बोटाखाली.
हसावं की नाही कळेना. ते हसले, मग मीही.

जुनं कथील खरवडलं, तार घासली, नवा सांधा दिला.
या वेळी इन्व्हर्टर लावून.

दुसऱ्या दिवशी बारा चाळीस शांतपणे गेले.
एक दहाला डावा पडदा स्वतःहून मंद झाला.
तो दोष नव्हे. त्याच्या पुस्तकात लिहिलंय,
सत्तरच्या पुढे मी जबाबदार नाही.
अप्पांनी नाकाला हवेसाठी एक भोक पाडलं,
बोटभर रुंद, कानस मारून,
आणि वहीत लिहिलं: मे महिना, नवाच्या आत उतरणे.
अजून उडालेलं नाही. तरी उतरायची वेळ ठरली.

मजुरी दोन मोटारींची घेतली.
थर्मामीटर परत करायला गेले तर सुरवाडेभाऊ तबकडी उन्हात धरून उभे.
लाल काटा वरच अडकलेला, मागं यायला तयार नाही.
"ताई," म्हणाले, "असं काय पिकवलं वो तुम्ही
एकाहत्तरात?"